पर्समधला फोन चालूच होता

मी बँकेतून निवृत्त होण्याच्या काही महिने आधीची ही गोष्ट. तालुक्याच्या गावातली शाखा, दुपारचे पावणेदोन, जेवणाची वेळ म्हणून काउंटरवर तुरळक माणसं. गावातल्या कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. सगळं गाव त्यांना ‘बाई’च म्हणतं, मीही म्हणायचो. त्यांना ९ लाखांची मुदत ठेव मोडायची होती. मुदत संपायला जेमतेम २ महिने उरले होते.

“बाई, दोन महिने थांबलात तर व्याज बुडणार नाही,” मी म्हटलं.

“नको, आजच मोडा.”

“दवाखान्याचं काही आहे का?”

“हो. म्हणजे... घराचं काम काढलंय.”

एका प्रश्नाला दोन उत्तरं आली तेव्हा मी मान वर करून नीट पाहिलं. एरवी बाई आल्या की पर्स काउंटरवर ठेवून आधी चष्मा शोधायच्या, मग माझ्या मुलीची चौकशी करायच्या. त्या दिवशी पर्स छातीशी घट्ट धरलेली, चेन अर्धी उघडी. मोठी रक्कम दुसऱ्या बँकेत पाठवायचा जो आरटीजीएसचा फॉर्म असतो, त्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव कुठल्याशा एंटरप्रायझेसचं आणि बँकेची शाखा परराज्यातली. काम आमच्या गावात आणि पैसे हजार किलोमीटरवर? तेवढ्यात पर्सच्या फटीतून फोनचा उजेड दिसला. कॉल चालू होता.

मी तोंडाने काही बोललो नाही. पैसे भरायच्या स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, ‘फोनवर कोणी धमकावतंय का?’ आणि स्लिप त्यांच्याकडे सरकवली. बाईंनी वाचलं. डोळे भरून आले. मान एकदाच हलली. मी हात पुढे केला, फोन घेतला आणि कॉल कट केला. स्क्रीनवर वेळ दिसली, ४ तास १२ मिनिटं.

“अहो साहेब, हे काय केलंत! आता ते अटक करायला येतील.”

कोणी आलं नाही. बाईंना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, आणि सकाळपासूनचं सगळं त्यांच्या तोंडून ऐकलं. ते इथे सविस्तर सांगतो, कारण ऑनलाइन फसवणुकीचा सगळा सांगाडा त्यात दिसतो.

साडेनऊच्या सुमारास एक रेकॉर्ड केलेला आवाज आला. ‘मी ट्रायमधून, म्हणजे दूरसंचार नियामकाकडून बोलतोय, तुमचे सगळे मोबाइल नंबर दोन तासांत बंद होणार आहेत, माहितीसाठी ९ दाबा.’ बाईंनी ९ दाबलं. मग खरा माणूस बोलू लागला. तुमच्या आधारवर मुंबईत एक सिमकार्ड घेतलंय, त्यावरून लोकांना धमक्या गेल्यात, गुन्हा दाखल झालाय, तुम्ही निर्दोष असाल तर पोलिसांशी बोला, मी जोडून देतो. इथे फोन व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर गेला. समोर खाकी वर्दी, मागे तिरंगा, भिंतीवर पोलीस ठाण्याचं नाव. बाईंचा आधार क्रमांक त्यानेच वाचून दाखवला, पत्ताही बरोबर सांगितला. मग म्हणाला, प्रकरण साधं नाही, मनी लाँड्रिंगचं आहे, तुमच्या नावाच्या खात्यातून कोट्यवधी फिरलेत. व्हॉट्सॲपवर अटक वॉरंट आलं, खाली सही, वर अशोकस्तंभ. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: ‘हे गोपनीय आहे. घरात कोणाला कळलं तर त्यांनाही आरोपी करावं लागेल. कॉल बंद करायचा नाही.’

शेवटी सुटकेची वाट दाखवली गेली. तुमचे पैसे स्वच्छ आहेत का हे रिझर्व्ह बँक तपासेल. सगळी ठेव एका खात्यात पाठवा, पडताळणी झाली की ४८ तासांत परत. बँकेत कोणी विचारलं तर घराचं काम सांगा.

बाई नागरिकशास्त्र शिकवायच्या. मूलभूत हक्क त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांकडून पाठ करून घेतलेत. त्यांना हे कळलं नाही का? मी विचारलं नाही, पण त्याच म्हणाल्या, “पहिल्या दहा मिनिटांनंतर मला विचार करायला त्यांनी उसंतच दिली नाही हो.” शिकलेल्या माणसाला कायद्याचा धाक जास्त असतो, हे या टोळ्यांना चांगलं ठाऊक आहे. लुधियानाचे उद्योगपती, वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओस्वाल यांना २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच पद्धतीने ७ कोटी रुपयांना लुबाडलं. त्यांच्यासाठी तर सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी उभी केली होती, आणि त्यात खुद्द सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूस बसवला होता. ओस्वालांनी ते पुढे येऊन सांगितलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. त्यांनी तक्रार केली आणि त्यांच्या रकमेतला मोठा भाग पोलिसांना वाचवता आला.

आता कायद्याचं. असं व्हिडिओ कॉलवरच डांबून ठेवण्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. त्या नावाची अटक भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कारवाई भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालते. तिच्या कलम ४८ प्रमाणे, पोलिसांनी एखाद्याला अटक केली तर त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला ते कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. भामटा काय सांगतो? घरी कळू देऊ नका. म्हणजे कायदा जे करायलाच हवं म्हणतो, त्याच्या बरोबर उलट. अटक झालेल्याला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं, हे तर राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच आहे. पोलिसांपुढे हजर राहण्यासाठी सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली जी नोटीस निघते, ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. आणि रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्यासारख्यांची बचत किंवा चालू खाती उघडतच नाही, त्यामुळे ‘रिझर्व्ह बँकेच्या खात्यात पैसे ठेवा’ हे वाक्य कानावर पडलं की तिथेच फोन ठेवावा. खरे पोलीस चौकशीला बोलावतात, दारात येतात. पैसे पाठवून निर्दोषत्व सिद्ध करायला कुठलाच तपास अधिकारी सांगत नाही.

हे सगळं पाठ नसलं तरी चालेल. एकच लक्षात ठेवा: या धंद्याचा जीव चालू कॉलमध्ये आहे. कॉल तुटला, माणूस उठून तोंड धुऊन आला, शेजारणीशी दोन वाक्यं बोलला, की त्यांनी चार तास खपून उभा केलेला डोलारा कोसळतो. म्हणून ते म्हणतात, फोन ठेवायचा नाही, कोणाला सांगायचं नाही. म्हणून आपण नेमकं तेच करायचं. फोन ठेवायचा आणि सांगायचं. समोरचा खरा असेल या शंकेने उद्धटपणा करवत नसेल, तर ‘मी पोलीस ठाण्यात येऊन भेटते’ एवढं म्हणून ठेवावा. खऱ्या अधिकाऱ्याला त्यात अडचण नसते.

२०२४ या एका वर्षात देशभर सायबर फसवणुकीत लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले, आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटींच्या आसपास होता. गृह मंत्रालयाने संसदेत दिलेले हे आकडे आहेत. लोकांना वाटतं हे ‘हॅकिंग’ आहे, कोणी तरी संगणकात घुसून पैसे उडवतं. तसं होतं, पण ते वेगळं प्रकरण. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम घुसवून ९४ कोटी रुपये पळवले गेले, ती खरी फोडाफोडी होती. तिथे चोराला बँकेची भिंत फोडावी लागली. आपल्या घरात होणाऱ्या बहुतेक फसवणुकीत चोर दारापर्यंत येतो आणि कडी आपल्याच हाताने काढून घेतो. पिन आपण टाकतो, ॲप आपण उतरवतो, ओटीपी आपण वाचून दाखवतो. हे कोणाला दोष द्यायला म्हणत नाही. यातली चांगली बाजू अशी की कडी आपल्या हातात आहे.

पिनचंच बघा. यूपीआय २०१६ पासून आहे, भाजीवाल्यापासून सगळ्यांकडे क्यूआर कोड आहे, तरी एक साधी गोष्ट अजून पुष्कळांच्या डोक्यात पक्की बसलेली नाही. पिन टाकला की पैसे जातात. पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही. जुना फ्रिज विकायला ऑनलाइन जाहिरात टाकली की अर्ध्या तासात फोन येतो: मी लष्करात आहे, बदली झालीय, भाव मान्य, आगाऊ पैसे पाठवतो. मग एक क्यूआर कोड येतो, ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील.’ टाकला की जमा होण्याऐवजी वजा. वर हाच माणूस म्हणतो, चुकून झालं, परत एकदा करा, दोन्ही परत करतो. दुसऱ्यांदाही वजा. एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशांची ‘रिक्वेस्ट’ पाठवायची सोय याच फसवणुकीमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, पण क्यूआर कोडची युक्ती अजून चालते. कोणी कितीही समजावलं तरी घरातल्या सगळ्यांनी एवढं धरून ठेवावं: पिनचं पॅड समोर आलं म्हणजे पैसे निघालेत.

एपीके फाइलचा प्रकार याहून घातक आहे, कारण त्यात माणसाला काय चाललंय ते कळतच नाही. लग्नसराईत व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रिका येते. ओळखीच्याच माणसाकडून येते. नाव असतं ‘लग्नपत्रिका’, किंवा ‘आरटीओ चलान’, किंवा ‘पीएम किसान यादी’, आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन एपीके ही तीन इंग्रजी अक्षरं. खरी पत्रिका म्हणजे फोटो असतो किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचं ॲप. त्यावर बोट लावलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवायचं का? आपण घाईत ‘हो’ म्हणतो. पुढे ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. तीही देतो. पत्रिका काही उघडत नाही, माणूस ‘फाइल खराब दिसते’ म्हणून विसरून जातो. त्या क्षणापासून बँकेचा प्रत्येक ओटीपी तुमच्याआधी किंवा तुमच्याबरोबर चोराच्या फोनवर पोचतो. रात्री तुम्ही झोपलेले असता, तो पासवर्ड बदलतो, पैसे काढतो, आणि तुमच्याच व्हॉट्सॲपवरून तीच ‘पत्रिका’ तुमच्या मेव्हण्याला आणि सोसायटीच्या ग्रुपला जाते. म्हणून ओळखीच्या माणसाकडून आली हा काही भरवसा नव्हे.

अशी फाइल चुकून बसवली असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, फोन सरळ फ्लाइट मोडवर टाका. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवायला सांगा. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्याच फोनवरून. मग तो फोन जाणकाराकडून पुसून, फॅक्टरी रीसेट करून घ्या. फोटो जातील, जाऊ देत.

याच घराण्यातला आणखी एक प्रकार म्हणजे स्क्रीन दाखवणारी ॲप. ‘तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ असा मेसेज महाराष्ट्रात कोणाला आला नाही? फोन केला की ‘अधिकारी’ एक ॲप उतरवायला सांगतो आणि फक्त १० रुपये भरायला लावतो. त्या ॲपमधून तुमच्या फोनवरचं सगळं त्याला दिसत असतं. १० रुपये भरताना तुम्ही कार्ड नंबर टाकलात तोही दिसला. असं दूर बसून फोन चालवू देणाऱ्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता. महावितरण वैयक्तिक मोबाइल नंबरवरून असले मेसेज पाठवत नाही. शंका असेल तर १९१२ वर विचारावं.

इथे एक बारीकशी सवय फार कामाची आहे. आलेल्या मेसेजमधला नंबर वापरायचा नाही, आणि गुगलवर शोधून वर दिसेल तो कस्टमर केअरचा नंबरही नाही, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. एटीएम कार्डाच्या मागे छापलेला नंबर, पासबुकावरचा नंबर, लाइट बिलावरचा नंबर, हेच आपले. बँकांच्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी आता ‘डॉट बँक डॉट इन’ असतं. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना त्यावर जायला सांगितलं होतं, आणि हा पत्ता बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. व्यवहाराबाबतचे फोन बँकांनी १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे असाही नियम झालाय. दहा आकडी मोबाइलवरून ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला ‘१६०० वरून का नाही?’ एवढं विचारलं तरी पुरे.

शेअर बाजाराच्या नावाखालची फसवणूक थोडक्यात सांगतो, कारण तिचं गणित सोपं आहे. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम ग्रुप, त्यात रोज ‘सर, आज ४० हजार सुटले’ म्हणणारी माणसं, जी सगळी त्यांचीच असतात. एक ॲप, ज्यात तुमचा नफा वाढताना दिसतो. ते आकडे म्हणजे नुसतं चित्र, पैसे केव्हाच भलत्या खात्यात गेलेले. सुरुवातीला २-४ हजार काढूही देतात. मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी कर भरा’. नफ्यातून कर वळता न करता वेगळे पैसे मागितले की समजावं, तो नफा नव्हताच. नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय पत्त्यात ‘व्हॅलिड’ हा शब्द आणलाय आणि ‘सेबी चेक’ ही पडताळणीची सोय दिलीय. पैसे पाठवण्याआधी तिथे पाहावं. घरबसल्या व्हिडिओला लाइक करा, दीडशे रुपये मिळवा, हा त्याचाच धाकटा भाऊ.

आता पैसे जातात कुठे? बँकेत बसल्यामुळे मला हा भाग जवळून दिसला आणि सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. चोर स्वतःच्या खात्यात पैसे घेत नाही. तो भाड्याची खाती वापरतो. कॉलेजातली मुलं, मजूर, रिक्षावाले, कर्जात बुडालेला एखादा दुकानदार यांना गाठून सांगतात, तुझं खातं दे, पासबुक, एटीएम आणि सिम आमच्याकडे राहील, महिन्याला एवढे हजार घे. तुमचे ९ लाख अशा पहिल्या खात्यात पडले की काही मिनिटांत त्यांचे तुकडे होऊन दहा-पंधरा खात्यांत पसरतात, तिथून आणखी पुढे, मग कुठे एटीएममधून रोख निघते, कुठे क्रिप्टो घेतलं जातं. पोलीस मागावर निघाले की सगळ्यात आधी सापडतो तो खातं भाड्याने देणारा पोरगा, कारण त्याचं नाव, फोटो, पत्ता सगळं बँकेत असतं. अशा एका मुलाची आई आमच्या शाखेत येऊन रडली होती. ५ हजारांसाठी पोरगं आरोपी झालं. आपल्या घरातल्या १८-२० वर्षांच्या मुलांना हे आवर्जून सांगा. खातं कोणाला वापरायला देणं हा उपकार नसतो, तो गुन्ह्यातला सहभाग ठरतो. आणि अनोळखी माणसाने ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा’ म्हटलं, तर स्वतः पाठवू नका. बँकेत लेखी कळवा, काय ते बँक बघेल.

फोनवर बोलणारी माणसंही नेहमी मजेत असतात असं नाही. म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये कुंपण घातलेल्या वसाहती आहेत, तिथे परदेशी नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांकडून पासपोर्ट काढून घेऊन हा धंदा करून घेतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ जणांना थायलंडमार्गे परत आणलं. थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार भरघोस, मुलाखत फक्त टेलिग्रामवर, अशी नोकरी आपल्या ओळखीत कोणाला चालून आली असेल तर त्याला आधी थांबवा.

पैसे गेलेच तर? घड्याळाकडे बघा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असताना मध्येच कुठे तरी अडवता आले तरच वाचतात. त्यासाठी १९३० हा नंबर आहे. देशभर एकच. फोन केला की तक्रार गृह मंत्रालयाच्या यंत्रणेतून थेट त्या-त्या बँकांकडे जाते आणि जिथे रक्कम सापडेल तिथे ती रोखून धरतात. तुम्ही कोल्हापूरचे, पैसे गेले झारखंडच्या खात्यात, तरी हद्दीचा प्रश्न येत नाही. हाताशी ठेवायचं ते इतकंच: कधी गेले, किती गेले, कुठल्या खात्यातून, आणि व्यवहाराचा नंबर. यूपीआयचा तो १२ आकडी असतो, बँकेच्या मेसेजमध्ये मिळतो. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून घ्या आणि सायबर क्राइम पोर्टलवर तपशील पूर्ण करा. चॅट, नंबर, स्क्रीनशॉट यांतलं काही पुसू नका. संतापाने ब्लॉक करून सगळं डिलीट करणारे पुष्कळ भेटले, मग पोलिसांना द्यायला हातात काहीच उरत नाही.

बहुतेक जण काय करतात? रात्री पैसे जातात, कोणाला सांगत नाहीत, सकाळी दहाला शाखा उघडायची वाट बघतात, मग आमच्याकडे येतात. वरातीमागून घोडं. शाखेत जरूर या, लेखी अर्ज द्या, त्यावर तारीख-वेळेसह शिक्का घ्या. पण आधी १९३०.

त्या शिक्क्याला महत्त्व का, तेही सांगतो. ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या जबाबदारीबद्दल नियम केला. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गळती होऊन खात्यातून पैसे गेले, आणि बँकेकडून मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य धरायचं. ४ ते ७ दिवसांत कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंत झीज तुमची. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, ही ओळ फार थोड्या ग्राहकांना माहीत असते. मात्र ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. बाईंसारखं कोणी स्वतः फॉर्म भरून, स्वतःच्या सहीने पैसे पाठवले, तर या नियमाचा आधार फारसा मिळत नाही, हे मला स्पष्टच सांगायला हवं. तिथे अडवलेली रक्कम परत मिळवणं एवढीच आशा, आणि त्यासाठीही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागू शकते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८.

डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी त्यांचा तपास सीबीआयकडे दिला. निमित्त झालं हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याचं, त्यांचे १ कोटीहून जास्त गेले होते. तपास होईल तेव्हा होईल. तोवर घरात काय करता येईल याचा विचार मी निवृत्तीनंतर जास्त करतो. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत, आणि आई-वडील गावात किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये एकटे. आयुष्यभराची पुंजी मोबाइलवर आलीय, रात्री दोन वाजताही ठेव मोडता येते आणि आरटीजीएस चोवीस तास चालतं. पूर्वी मध्ये एक काउंटर असायचा, त्यावर चार प्रश्न विचारणारा माणूस असायचा. ती अडचण आपणच परत उभी करावी. रोजच्या वापराचं खातं वेगळं ठेवा आणि यूपीआय फक्त त्याला जोडा. मोठ्या खात्याची ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा खाली आणून ठेवा, ती बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत बदलून मिळते. ठेव मोडायच्या आधी घरच्या एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा, एवढा एक नियम घरात ठरवा.

आणि कोणी फसलंच, तर ‘एवढं शिकून तुम्हाला कळलं कसं नाही?’ हे वाक्य गिळा. मी काउंटरवर पाहिलंय, मुलगा असं बोलला की आई पुढचं सांगायचंच थांबवते. किती वेळा पाठवले, आणखी कुठल्या खात्यातून पाठवले, हे मग दोन दिवसांनी कळतं, तोवर उरलेलेही गेलेले असतात. नवऱ्याला, सुनेला काय वाटेल या धास्तीने तक्रारच न केलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांना आपण जवळ बसवलं तर त्यांचे पैसे वाचायची थोडी तरी शक्यता आहे.

बाईंचे पैसे वाचले होते, त्यामुळे १९३० ची गरज नव्हती. पैसे गेले नसतील पण असा फोन आला असेल, तर तो नंबर कळवायला दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही तिथेच दिसतं. मी माझ्या संगणकावर ते उघडलं. बाईंच्या नावावर एकच सिम निघालं, हातातलं. त्या स्क्रीनकडे बाई बराच वेळ बघत राहिल्या. मधल्या वेळात त्यांचा फोन सात वेळा वाजला, सातही वेळा वर्दीतला तोच फोटो. आठव्यांदा वाजल्यावर बाईंनी स्वतः तो नंबर ब्लॉक केला, त्याआधी माझ्या सांगण्यावरून स्क्रीनशॉट घेतला. मी विचारत गेलो, बाई फोनच्या वेळा सांगत गेल्या, चक्षूचा फॉर्म भरून झाला.

मग त्यांनी ठेवीची पावती घडी करून पर्समध्ये ठेवली, चेन लावली, पर्स टेबलावर ठेवून चष्मा शोधला आणि विचारलं, “मुलीची परीक्षा कधी आहे हो?”